मुरूम लागेपर्यंत

माझ्या घराची दारं कोणत्या महिन्यात अडतात, हे पहिल्याच वर्षी आमच्या लेआउटमधल्या सगळ्यांना पाठ झालं होतं. ऑगस्टमध्ये न्हाणीघराचं दार फुगून बसायचं. डिसेंबरात तेच दार शहाण्यासारखं उघडायचं, मिटायचं. एप्रिल लागला की माझ्या झोपायच्या खोलीची कडी कोयंड्यात बसायची नाही, दोन बोटं अंतर राहायचं. शेजारच्या वहिनी कुंपणावरून विचारायच्या, "मॅडम, दार अडलं का तुमचं? मंग सोयाबीनले पाऊस पुरला म्हना!" म्हणजे माझं घर म्हणजे लोकांचं पर्जन्यमापक. हसा बाप्पा, हसा. आता मीही हसते. तेव्हा मात्र अंगाची लाही लाही व्हायची, आणि चिडायला मला तसंही फार काही लागत नाही.

त्यात भर म्हणजे मी भूगोल शिकवते. मालेगावात, म्हणजे आमच्या वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावात, नाशिककडच्या नव्हे. हे दर वेळी सांगावं लागतं आणि दर वेळी माझं डोकं फिरतं. तर सहावी ते आठवीच्या मुलांना मी गेली वीसेक वर्षं शिकवते आहे की बाळांनो, आपल्या पायाखाली लाव्हा आहे. कोट्यवधी वर्षांपूर्वी जमीन फाटली, लाव्हा पसरला, थंड झाला, त्यावर पुन्हा पसरला, थरावर थर. त्याचा झाला काळा पाषाण. पाषाण कुजला, त्याचा झाला मुरूम. मुरूम कुजला, त्याची झाली आपली काळी माती. भूकवच, प्रावरण, गाभा समजवायला मी वर्गात उकडलेलं अंडं नेते. तास संपला की पृथ्वी कोणी खायची यावरून मारामाऱ्या होतात, म्हणून हल्ली दोन नेते.

इतकं सगळं येत असूनही मी जो गाढवपणा केला, तो चौथी नापास माणूसही करणार नाही.

झालं असं. आई किन्हीराजाला एकटीच राहायची. बाबा गेल्यापासून एकटी, आणि मला भाऊबहीण कोणी नाही. मी लग्न केलं नाही. का, हे विचारायला अर्धा तालुका येऊन गेला आहे, उरलेला अर्धा कधी येतो त्याची वाट बघते. मालेगाव ते किन्हीराजा एसटीनं असं कितीसं लांब? पण रात्री फोन वाजला की मी आधी चपला शोधायची. मला आई जवळ पाहिजे होती, एवढी एकच गोष्ट. भाड्याच्या दोन खोल्यांत ती येणार नाही हे माहीत होतं, म्हणून मी प्लॉट घेतला. गावाला लागून सोयाबीनचं वावर होतं, त्याचे प्लॉट पाडून लेआउट झाला होता. एका बाजूला अजून तुरीच्या तुराट्या उभ्या होत्या.

आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "काळीत घर? लोक काळीत पेरतात वं माय, तू राहाले चालली?"

मी म्हटलं, आजकाल सगळे बांधतात. तिनं "बांध बापा" म्हणून फोन ठेवला.

घर बांधायला मिस्त्री मिळाले ते गावातलेच एक चाचा. पांढरी दाढी, कानामागे पेन्सिल, आणि बोलणं अर्धं वऱ्हाडी, अर्धं हिंदी. त्यांच्या वडिलांनी, आज्यानंही याच गावात घरं बांधलेली. मार्चमध्ये पायाचं खोदकाम सुरू झालं. सुट्टीच्या दिवशी मी सकाळीच जाऊन उभी राहायची. गुडघाभर झालं, कमरेएवढं झालं, छातीएवढं झालं. मजूर खड्ड्यात दिसेनासे झाले, फक्त त्यांचे रुमाल दिसायचे. चाचा काठावर उकिडवे बसून कान देऊन ऐकत होते.

"काय ऐकून राह्यले चाचा?"

"आवाज, मॅडम. काळीत कुदळ मारली का धप म्हनते. मुरूम लागला का ठन म्हनते. अभी तक धपच चालू है."

"अजून किती?"

"ते जमीन सांगन. आपून काय सांगाव?"

आता बघा, मला घाई होती. वास्तुशांती वगैरे आम्ही करत नाही, पण बुद्धपौर्णिमेला घरात वंदना व्हावी, आईच्या हातून मेणबत्ती लावावी आणि तिला तिथंच ठेवून घ्यावं, असं मी मनात पक्कं केलं होतं. इकडे चाचा ठन व्हायची वाट बघत बसलेले. चौथ्या दिवशी माझा संयम संपला. मी पदर खोचला आणि शिडीवरून स्वतःच खड्ड्यात उतरले. तळाशी काळी संपून पिवळसर माती लागली होती, तिच्यात चुनखडीचे पांढरे खडे. टाच आपटून पाहिली. टाचेला झिणझिण्या आल्या.

"चाचा, दगड आहे हा दगड! अजून काय पाहिजे?"

"हे दगड नाही मॅडम. हे उनाची अकड आहे. पानी लागलं का ढिली होते."

यावर मी खड्ड्यात उभं राहून त्यांना खडकांचे प्रकार सांगितले. अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित. विदारण म्हणजे काय, तेही सांगितलं. मजूर कुदळी टेकवून ऐकत होते, माझा आवाज वर्गातला असतो. चाचांनी सगळं ऐकून घेतलं, पेन्सिल कानामागून काढली, परत खोचली. "किताब में आप बडे हो," ते म्हणाले. "घर बी आपका है." दुसऱ्या दिवशी पाया भरायला सुरुवात झाली. त्या पेन्सिलीच्या हालचालीत किती नाराजी होती हे मला तेव्हा दिसलंच नाही.

बुद्धपौर्णिमेला वंदना झाली, खीर झाली, ओळीनं चपला लागल्या. आई पांढरं लुगडं नेसून आली. सगळ्या खोल्या फिरली, फरशीवरून हात फिरवला, नळ सोडून पाहिला. "चांगलं झालं वं," म्हणाली. तिच्यासाठी घेतलेली गादी मी दाखवली. तिनं ती दाबून पाहिली आणि चारच्या एसटीनं किन्हीराजाला निघून गेली.

"अवं, राहा ना!"

"मी काय तुह्या घरी बसून खाऊ? हातपाय चालून राह्यले माहे."

तिचं हे एकच पालुपद. लेकीच्या जिवावर राहायचं नाही. आयुष्यभर निंदणं-खुरपणं केलेली बाई, तिला गादीवर बसून चहा पिणं म्हणजे शिक्षाच. मी फाटकापाशी उभी राहून एसटीस्टँडकडे जाणारी तिची पाठ बघितली आणि घरात येऊन गादीला लाथ मारली.

मग आला पावसाळा, आणि उनाची अकड ढिली झाली. काळी माती पाणी प्यायली की फुगते, हे मी दर वर्षी फळ्यावर लिहिते. ती फुगते म्हणजे वरचं घरही उचलते, हे मात्र मला पंधरा ऑगस्टच्या सकाळी सहा वाजता कळलं. झेंडावंदन सातला. मी न्हाणीघरात अंघोळ करून साडी नेसून तयार, आणि दार हलेना. धक्का दिला, खांदा दिला, शिव्या दिल्या. फोन बाहेर. शेवटी बादली पालथी घालून तिच्यावर उभी राहिले आणि वरच्या झरोक्यातून ओरडले. शेजारच्या वहिनी दूध घेऊन येत होत्या. त्या थांबल्या, इकडे तिकडे पाहिलं, आभाळाकडेही पाहिलं. अर्ध्या तासानं त्यांच्या नवऱ्यानं सब्बल, म्हणजे पहार, घालून दार उचकटलं. तोवर लेआउटमधले सात-आठ जण अंगणात जमले होते, आणि मी आतून त्यांना घाई करत होते. शाळेत पोचले तेव्हा झेंडा वर होता आणि लाडू वाटप चालू होतं. मुख्याध्यापकांनी कारण विचारलं. मी म्हटलं, "जमीन फुगली." त्यांनी माझ्या हातावर लाडू ठेवला.

हिवाळ्यात सगळं गुण्यागोविंदानं चाललं. फेब्रुवारीत माझ्या खोलीच्या पश्चिमेच्या भिंतीवर, पलंगाच्या बरोबर वर, एक बारीक रेघ दिसली. मला वाटलं कोळ्याचं जाळं. झाडूनं पुसली तर जाईना. मार्चमध्ये तिच्यात नख जायला लागलं. बाहेर जाऊन पाहिलं तर भिंतीला लागून जमीन उकललेली, हात घातला तर कोपरापर्यंत आत गेला. काळी सुकून आकसत होती आणि माझ्या घराचा कोपरा आपल्यासोबत खाली ओढत होती. टाच आपटून मी ज्याला दगड म्हटलं होतं, तोच आता खाली बसत होता.

चाचांना फोन केला. ते आले, भिंत पाहिली, आणि "मी सांगतलं होतं" हे शब्द त्यांनी काढले नाहीत. काढले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं. त्यांनी खिशातून काचेची एक अरुंद पट्टी काढली, भेगेवर आडवी ठेवली आणि दोन्ही टोकांना सिमेंट लावलं.

"हे काय?"

"काच वाकत नाही मॅडम. भेग चालून राह्यली असन तर तुटन. नाही तुटली तर समजायचं भेग थांबली."

पंधरा दिवसांत काच तुटली. चाचा म्हणाले, घर पडत नाही, घाबरू नका, पण एक पावसाळा, एक उन्हाळा आणखी पाहू, मग ठरवू. मी घाबरले नाही. मी चिडले, आणि पलंग तिथंच ठेवला. का हलवायचा? माझं घर, माझी भिंत.

त्याच एप्रिलात आई अंगणात पडली. सकाळी पडली आणि मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही किन्हीराजाहून आलेल्या एका विद्यार्थिनीकडून. डाव्या मनगटाचं हाड मोडलं होतं. गेले ती थेट तिला उचलूनच आणली. "प्लास्टर निघेपर्यंत," तिनं बजावलं. "मंग जाइन मी."

दोन दिवस ती गप्प बसली. तिसऱ्या दिवशी मी शाळेतून आले तर आई मागच्या बाजूला, डावा हात गळ्यात अडकवलेला, उजव्या हातात मग. भांडी धुतलेलं पाणी एका बादलीत साठवलं होतं आणि ती मगामगानं भिंतीलगतच्या भेगेत ओतत होती. एक मग ओतायची, थांबायची, पाणी आत जाताना बघायची.

"हे काय करून राह्यली वं?"

"इंचू शिरते याच्यात. वावरात अशी भेग पडली का मुळं तुटतात तुरीची. पानी देल्लं का मिटते."

"विंचवाचं ठीक, पण ते वावर होतं आई. हे घर आहे."

"मातीले मालूम हाय का ते?"

आमच्याकडे उन्हाळ्यात नळ कधी चार दिवसांनी येतो, कधी आठ. म्हणून तिनं अंघोळीचं, तांदूळ धुतलेलं, भांड्यांचं, सगळं पाणी बादल्यांत जमवायला सुरुवात केली. मी चुकून मोरीत चूळ भरली तरी ओरडायची. रोज उन्हं उतरली की माझ्या खोलीच्या कोपऱ्यापासून सुरुवात करून चारी भिंतींना एक फेरी. चाचा मध्ये एकदा येऊन गेले. त्यांनी ते पाहिलं आणि टोपी मागं सरकवली.

"माय, कोनं सांगतलं तुमाले?"

"कोन सांगन भाऊ? डोये हायेत ना."

"बराबर हाय. फक्त चारी बाजूले सारखं पाजा. एका कोपऱ्याले जास्त नोको." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "मॅडम, आपको ऐसी माय मिली और आप किताब पढते बैठे." त्यांनी जाता जाता दुसरी काच लावली.

ती काच तुटली नाही. मे संपला, शेजारच्या प्लॉटमध्ये मांजर पडेल एवढ्या भेगा झाल्या, आणि माझ्या भिंतीवरची काच शाबूत. प्लास्टरही निघालं. मी बॅगेकडे बघत होते. आई हात चोळत म्हणाली, "आता गेली तर पानी कोन टाकन? तू तर सकाऊन जाते अन् संध्याकाई येते."

"हो ना," मी म्हटलं. "माझ्यानं कुठं होतं?"

मी घरात जाऊन देवाचे आभार मानले असते, पण आम्ही मानत नाही, म्हणून चहा ठेवला.

जूनमध्ये पाऊस आला. आता जाईल. तर ती म्हणाली, पाऊस एका अंगानं पडतो, पश्चिमेची बाजू कोरडी राहते. हिवाळ्यात म्हणाली, थंडीच्या वाऱ्यानं जमीन जास्त सुकते. मी प्रत्येक वेळी मान हलवली. आणि खरं सांगते, मीही लबाड. भेग मिटत आलेली मला दिसत होती, तरी अधूनमधून भिंतीशी उभी राहून चक् चक् करायची. "आई, वाढल्यासारखी वाटते गं." ती लगेच मग घेऊन निघायची. भिंत बरी झाली की ही जाणार, एवढंच माझ्या डोक्यात. आयुष्यात पहिल्यांदा मी तुटलेल्या वस्तूची काळजी घेत होते, ती तुटलेलीच राहावी म्हणून.

वर्ष असं गेलं. आईनं भिंतीच्या कडेनं शेवंती लावली, कोथिंबीर टाकली. शेजारच्या वहिनी तिच्याकडून लोणचं शिकून गेल्या. मी शाळेतून यायची तेव्हा दाराशी दिवा लागलेला असायचा.

या एप्रिलात, एका रविवारी सकाळी, चाचा न बोलावता आले. काच पाहिली, नखानं टिचकी मारली, बाहेर जाऊन जमीन चाचपली, खुशीत आत आले.

"मॅडम, भेग थांबली. आता पक्कं काम करून देतो. भिंतीखाली एका वेळी हातभर लांबीचंच खोदायचं, थेट मुरमापर्यंत. काँक्रीट भरायचं, सुकू द्यायचं, एक सोडून पुढचा हात. पावसाच्या आत सगळा कोपरा मुरमावर बसवतो. फिर पानी का झंझट खतम."

आई बाहेर ओट्यावर बादलीत मग बुडवत होती. मग पाण्यातच राहिला.

"राहू द्या चाचा," मी म्हटलं. "चाललंय ना बरं."

चाचा बघतच राहिले. "आपनेच तो फोन कर कर के माहे कान खाल्ले पिछले साल!"

"तेव्हा खाल्ले. आता नाही खायचे."

"लेकिन मॅडम, एखाद्या साली पानी कमी पडलं, माय बिमार पडली..."

"मी म्हटलं ना राहू द्या!"

माझा आवाज वर्गातला झाला होता. शेजारच्या वहिनींच्या घरातला टीव्ही बंद झाला. आई उठून दारात आली, हात पदराला पुसत.

"काहून नाही म्हनते वं? भाऊ चांगलं सांगून राह्यले."

"नाही करायचं मला."

"पन काहून?"

आणि मग माझं डोकं फिरलं. "काहून म्हणजे? भीत पक्की झाली का तू बॅग भरशील म्हणून! मले माहीत नाही का? पानी टाकायचं काम संपलं का चालली तू किन्हीराजाले, अन् तिथं पडशील, अन् मले दुसऱ्या दिवशी कळन! तडकू दे भीत. पडू दे! मले तू पाहिजे इथं."

शाळेत प्रमाण बोलणारी बाई, मिस्त्रीसमोर, दोन्ही डोळ्यांतून पाणी. चाचांनी टोपी काढून हातात घेतली आणि भिंतीकडे तोंड केलं, तिथं पाहण्यासारखं काहीच नव्हतं.

आईनं ओले हात पदराला पुरते पुसले. मग माझ्या खोलीत गेली. मला वाटलं बॅग काढते. ती पलंगाशी उभी राहिली आणि भेगेवर तळहात ठेवला.

"याच्याखाली तुहं डोकं राह्यते," ती म्हणाली. "मी आली त्या दिवशीच पाह्यलं. पलंग हलव म्हटलं असतं तर तू हलवला असता का? रागानं अजून भितीले लावला असता. मंग काय करत होती मी? इंचवाचं निमित्त केलं. वरिसभर मले रातची झोप नाही. जरा टक वाजलं का उठून पाहून येते तुले."

मला हे माहीतच नव्हतं. ती समोरच्या खोलीत झोपायची आणि मी समजत होते, वयानं उठते.

"खोदा भाऊ," ती बाहेर येऊन चाचांना म्हणाली. "आजच खोदा. पह्यला हात या कोपऱ्याखाली घ्या. लेकरू झोपते इथं."

सेहेचाळीस वर्षांचं लेकरू ओढणीनं नाक पुसत उभं होतं. चाचा कुदळ आणायला फाटकाबाहेर गेले.

"अन् मग?" मी विचारलं. "पानी टाकाले लागणार नाही तर?"

"तर काय?" आईनं बादली उचलली आणि कोथिंबिरीच्या वाफ्यात ओतून दिली. "मी काय पान्यासाठी राह्यली होती?"